तुटलेलं पेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

घरी पाहुणे आले आणि मी त्यांना अंगणातल्या कुंड्या दाखवायला नेलं, की एक प्रश्न ठरलेला असतो. "एवढी हौस आहे, तर गुलाब का नाही लावत?" पाहुणे जरा जाणकार असले तर प्रश्न बदलतो. "कॅक्टस छान आहेत हो, पण फड्या निवडुंगच का? ते तर बांधावर उगवतं!" कॅक्टस जमवणाऱ्या मंडळींतही फड्याला फारसा मान नाही. गोल, देखणे, वर्षाला जेमतेम अर्धा इंच वाढणारे प्रकार त्यांना प्रिय. फड्याचं नाव काढलं की ते हात मागं घेतात. त्याला कारणही तसंच आहे, ते पुढं येईलच.

मी टपाल खात्यात ३९ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सांगलीत काउंटरवर. १९८७ साली कऱ्हाडचे एक निवृत्त पोस्टमास्तर कामासाठी आमच्या कार्यालयात आले होते. जाताना त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी माझ्यापुढं ठेवली. "काट्यांना घाबरत नसाल तर लावा, नाहीतर फेकू नका, मला परत द्या." पुडीत सुपारीहून थोडी मोठी, राखी रंगाची दोन पेरं होती आणि त्यांवर काट्यांऐवजी कागदाच्या पातळ पट्ट्या! कुणीतरी कात्रीनं कापून चिकटवल्यात असंच वाटावं. हे अर्जेंटिनाच्या पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातलं झाड, टेफ्रोकॅक्टस आर्टिक्युलेटस. 'टेफ्रा' म्हणजे ग्रीक भाषेत राख. नाव रंगावरूनच पडलंय. फड्या निवडुंगाचा हा लहान चुलतभाऊ माझ्या घरात आला आणि त्याच्यामागून सगळं गोत आलं.

आधी एक गोंधळ दूर करते. आपण मराठीत वई, त्रिधारी, शेर, फड्या अशा सगळ्यांना सरसकट निवडुंग म्हणतो. पण वई, त्रिधारी आणि शेर ही युफोर्बियाच्या कुळातली झाडं. त्यांना टोचलं की पांढरा चीक येतो. फड्या हा खरा कॅक्टस. त्याचं मूळ घर अमेरिका खंड, आणि आपल्याकडं तो गेल्या काही शतकांत माणसाबरोबर आला. नागाच्या फड्यासारखा दिसतो म्हणून फड्या. ज्याला आपण त्याचं पान समजतो, ते पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे. खरी पानं नव्या फड्यावर बारीक शिंगांसारखी येतात आणि काही आठवड्यांत गळून जातात. पेरेस्किऑप्सिस नावाचा एक नातलग मात्र चक्क चपटी, हिरवी पानं बाळगून असतो. पाहणाऱ्याला ते कॅक्टस आहे हे पटतच नाही. कॅक्टसची इवली रोपं त्याच्यावर कलम केली की झपाट्यानं वाढतात, म्हणून बागवाल्यांकडं तो हमखास असतो.

लहान चणीच्या या मंडळींमध्ये किती तऱ्हा! ऑपुन्शिया मायक्रोडॅसिस हा मेक्सिकोचा. सशाच्या कानांसारखे फडे, त्यांवर पिवळे, पांढरे किंवा तांबूस ठिपके. नर्सरीत सगळ्यात जास्त हाच मिळतो. टेफ्रोकॅक्टस जिओमेट्रिकसची पेरं चेंडूसारखी गोल, निळसर हिरवी, कडक उन्हात जांभळट होणारी. टेरोकॅक्टस वर काडीएवढा दिसतो, पण त्याचा सगळा संसार जमिनीखाली, रताळ्यासारख्या मुळात. त्याच्या बियांना पातळ पंख असतात. आणि ऑपुन्शिया फ्रॅजिलिस हा अंगठ्याएवढ्या पेरांचा प्रकार थेट कॅनडाच्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचलाय आणि तिथं बर्फाखाली हिवाळा काढतो. सांगलीच्या उन्हाळ्यात मात्र तो माझ्याकडं रुसून बसला. चार वर्षं जगला, पण फूल काही दिलं नाही.

फुलावरून आठवलं. डिसेंबर १८३३ मध्ये तरुण डार्विन पॅटागोनियात पोर्ट डिझायर या ठिकाणी होता. तिथं त्याला या कुळातलं एक लहानसं झाड सापडलं. फुलात काडी किंवा बोट घातलं की त्यातले पुंकेसर हलतात, हे त्यानं टिपून ठेवलं. त्याचे गुरू हेन्स्लो यांनी १८३७ मध्ये त्या झाडाला डार्विनचंच नाव दिलं. हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. फड्याचं फूल उमललेलं दिसलं, तर बारीक काडीनं पुंकेसरांना हळूच स्पर्श करा आणि वाट पाहा. ते आतल्या बाजूला वळायला लागतात. फूल बहुतेक वेळा एकच दिवस टिकतं, म्हणून उद्यावर टाकू नका.

आता लोक हात मागं का घेतात ते सांगते. फड्याचे मोठे काटे दिसतात, म्हणून त्यांच्यापासून सांभाळता येतं. पण प्रत्येक ठिपक्यात शेकडो बारीक कुसळं असतात. त्यांना उलटे दात असतात. ती हलक्या स्पर्शानं सुटतात आणि कातडीत शिरली की मागं येत नाहीत. आमच्या बहिणीच्या मुलानं सशाचे कान मखमली आहेत म्हणून गालावर फिरवले होते. पोर रात्रभर रडलं आणि बहीण माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तेव्हापासून तो प्रकार माझ्याकडं हाताच्या उंचीवर कधीच नसतो. कुसळं गेलीच, तर चोळू नका. आधी चिमट्यानं जमतील तेवढी काढा. मग त्या जागी फेविकॉलचा थर द्या, वर पातळ जाळीदार कापड बसवा आणि पूर्ण वाळल्यावर कापड सावकाश ओढून काढा. बरीचशी त्याबरोबर निघून येतात. डोळ्यात गेलं, तर मात्र घरी काही न करता डॉक्टरकडं जा. आणि झाड उचलताना हातमोजे नकोत, कुसळं त्यांत अडकून राहतात आणि पुढच्या वेळी बोचतात. वर्तमानपत्राची जाड घडी पट्ट्यासारखी गुंडाळा, तिनं झाड धरा आणि काम झालं की घडी टाकून द्या.

लागवड अवघड नाही. या झाडांचा शत्रू एकच, मुळाशी साचलेलं पाणी. सांगलीची काळी माती उसाला सोनं, पण यांना विष. मी एक भाग पालापाचोळ्याचं जुनं कुजलेलं खत घेते आणि तीन भाग मुरूम व विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. धूळ चाळून काढायची, नाहीतर तीच खाली बसून भोक बुजवते. ऊन जितकं देता येईल तितकं द्यावं. सावलीत ठेवलं तर फडे बोटांसारखे लांबट आणि फिके होतात, मग कितीही ऊन दिलं तरी ते फडे सुधारत नाहीत. जून ते सप्टेंबर वर पारदर्शक पत्रा हवा, पण बाजू मोकळ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी, माती पूर्ण सुकल्यावर पाणी द्यायचं. थंडीत जवळपास बंद.

रोपं करायची तर बियांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. बियांचं कवच इतकं कठीण असतं, की उगवायला कधी महिने लागतात, कधी वर्षं. त्यापेक्षा एक पेर तोडा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. जखम वाळून तिच्यावर खपली धरली पाहिजे. मग ते कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवा. मुळं फुटेपर्यंत पाणी देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत ते आपणहून जमिनीला धरतं.

आमच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊस आपण बेण्यानंच लावतो. ८६०३२ चा ऊस कुठल्याही शिवारात पाहिला, तरी झाड एकच. तसंच इथंही. पोस्टमास्तरांनी दिलेल्या पेरापासून वाढलेलं झाड म्हणजे त्यांच्या झाडाचं पोर नव्हे, तेच झाड. फक्त ते आता दोन घरांत राहतं. ज्या कुणी त्यांना ते दिलं असेल, त्याच्याही घरात तेच.

हा गुण मला फार आवडायचा. मी माझ्या आजीला तो कौतुकानं सांगितला, तेव्हा ती हसली नाही. आजीचं माहेर आटपाडीकडचं. तिच्या लहानपणी तिथं फड्याचं रान होतं. ती म्हणायची, "अगं, त्याला मरण न्हवतं. एक तोडलं की चार व्हायचं. पायवाट मिटायची, विहीर मिटायची." पोरं त्याची लाल बोंडं खायची आणि ओठ रंगवून घरी यायची. दुष्काळात काटे जाळून फडे गुरांपुढं टाकायचे. पण जमीन गिळली ती गिळलीच. मग एका वर्षी फड्यावर पांढरा कापूस दिसायला लागला. चिरडला की रक्तासारखा लाल रंग निघायचा. बायाबापड्या घाबरल्या. आणि बघता बघता ते सगळं रान वितळल्यासारखं खाली बसलं.

पुढं वाचनातून या कापसाचा पत्ता लागला. ते कोचिनील कुळातले किडे. यांच्या एका जातीपासून किरमिजी रंग मिळतो आणि त्या रंगासाठी युरोपात एकेकाळी सोन्यासारखा पैसा मोजला जाई. १७९५ मध्ये ब्राझीलहून हे किडे कोलकात्याला आणले गेले. पण आणली ती भलतीच जात निघाली. रंग हलका निघाला, आणि तो किडा एका विशिष्ट जातीच्या फड्यालाच खात सुटला. इतर जातींना त्यानं तोंड लावलं नाही. त्यांच्यासाठी दुसरी जात लागली. ती १९२६ मध्ये श्रीलंकेतून मुद्दाम आणली आणि फड्याचा जोर मोडला. आजीचा 'कापूस' तो हाच असावा.

ऑस्ट्रेलियाची कथा याहून मोठी. तिथं हे झाड कुंपणासाठी, शोभेसाठी नेलं गेलं. १९२० च्या दशकात त्यानं सुमारे ६ कोटी एकर जमीन व्यापली होती. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग समजा! माणसं शेतं, घरं सोडून गेली. शेवटी १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून एका पतंगाची अंडी आणली गेली. त्याच्या अळ्या फडे आतून पोखरतात. काही वर्षांत जमिनी मोकळ्या झाल्या. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात लोकांनी त्या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलं. ते १९३६ चं आहे. कीटकाच्या नावानं सभागृह बांधायची पाळी माणसावर का आली, हे लक्षात घ्या. तुटलेलं पेर जगतं, एवढ्या एका गोष्टीमुळं.

आजीचं बोलणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही. १९९४ च्या सुमारास माझी मोठी ऑपुन्शियाची कुंडी बेसुमार वाढली. मी फडे छाटले आणि बहिणीच्या घरामागच्या ओढ्याकाठी टाकून आले. वाळून जातील, असं वाटलं. सहा-सात वर्षांनी तिथून जाताना एका मेंढपाळानं मला हटकलं. त्याच्या मेंढीच्या ओठाला फडा चिकटलेला होता आणि ती खात नव्हती. "कुणी आणलं हे कुणास ठाऊक," तो म्हणाला. मला ठाऊक होतं. मी सांगितलंही. तो रागावला नाही, नुसता पाहत राहिला. त्यानंतर दोन उन्हाळे मी, बहीण आणि दोन मजूर असे ते बेट उपटत होतो. उपटलेलं पुन्हा रुजू नये म्हणून काळ्या प्लास्टिकखाली उन्हात मेपर्यंत ठेवलं. आजही माझ्याकडं छाटलेलं पेर कचऱ्यात किंवा खतात जात नाही. ते आधी काळ्या पिशवीत उन्हात मरतं, मगच बाहेर जातं.

तेव्हापासून मी एक नोंदवही ठेवली. टपाल खात्याची सवय! तारीख, झाडाचं नाव, कोणाकडून आलं, कोणाला दिलं. पेरं वर्तमानपत्रात गुंडाळून टपालानंच जायची. जिवंत माल, पण न पाण्याचा, न घाईचा. दहा दिवस उशीर झाला तरी तक्रार नाही, असं पार्सल दुसरं कुठलं असेल? परदेशातून मात्र मी कधीच काही मागवलं नाही. त्याला कायद्याची बंधनं आहेत आणि ती असावीत. २०१५ च्या एका जागतिक पाहणीत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती संकटात असल्याचं दिसलं. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजारावर कॅक्टस पकडले गेले. जे झाड एका पेरावर मिळतं, त्यासाठी रानातलं मुळासकट उपटणं याला हौस म्हणत नाहीत.

मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात, जुनं, कौलारू. २००५ च्या पुराचा अनुभव म्हणून कुंड्या तीन फुटांच्या कट्ट्यावर होत्या. वाटलं, पुरे. निघायची वेळ आली तेव्हा मी अकरा कुंड्या माळ्यावर नेल्या. दुर्मीळ, नाजूक अशा निवडून. पोस्टमास्तरांचा टेफ्रोकॅक्टस तेवढा राहिला. तो परातीएवढ्या कुंडीत पसरला होता आणि हात लावला की पेरं गळायची. उचलणार कसा?

नऊ दिवसांनी परतलो. अंगणात गुडघाभर गाळ होता. १४० कुंड्यांपैकी निम्म्या वाहून गेल्या होत्या, उरलेल्या चिखलानं भरल्या होत्या. त्यांतली झाडं बोट लावलं की पाण्यासारखी फुटत होती. घरातलं धान्य, गाद्या, कपडे सगळंच गेलं होतं. गावात माणसांचं त्याहून फार मोठं नुकसान झालं होतं. निवडुंगासाठी रडायची मला लाज वाटली, म्हणून मी रात्री रडले.

नोंदवही माळ्यावर होती. दिवाळीनंतर ती उघडली आणि 'कोणाला दिलं' हा रकाना पहिल्यांदाच नीट वाचला. ३१ नावं होती. प्रत्येकाला एक पोस्टकार्ड टाकलं. "माझ्याकडून आलेलं काही जगलं असेल, तर एक पेर पाठवा." १९ जणांची पार्सलं आली. चहाच्या पुड्यांत, औषधांच्या खोक्यांत, एक तर चक्क चपलेच्या खोक्यात. विट्याच्या शिक्षिकाबाईंचं मात्र नुसतं पत्र आलं. १९९८ मध्ये मी त्यांना पोस्टमास्तरांच्या झाडाची पेरं दिली होती. त्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या आणि सावलीत त्यांचं झाड गेलं. "पण मी माझ्या एका विद्यार्थिनीला दिलं होतं, ती बार्शीला असते, तिला कळवते," असं त्यांनी लिहिलं होतं.

जानेवारीत बार्शीहून खडूचं खोकं आलं. ती मुलगीही आता शिक्षिका आहे. आत कापसात राखी रंगाची तीन पेरं आणि त्यांवर कागदाच्या पट्ट्या. पोस्टमास्तर २००३ मध्येच गेले. त्या मुलीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मलाही नाही. पण झाड तेच होतं, त्यांच्या अंगणातलं. मी जपून ठेवलेलं वाहून गेलं आणि देऊन टाकलेलं परत आलं.

एक काळजी मात्र उरली होती. माझ्या अंगणातून वाहून गेलेल्या कुंड्यांतली पेरं कुठं गेली असतील? सगळीच कुजली असतील असं नाही. आजी, तो मेंढपाळ, ओढ्याकाठचं बेट, सगळं डोळ्यांपुढं यायचं. त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी काठी घेऊन नदीकाठ धुंडाळला. ओळखीचे लोक विचारायचे, "काय हरवलंय?" मी म्हणायचे, "हरवलं असेल तर बरं."

फेब्रुवारीत एका बाभळीच्या बुंध्याशी, गाळात, सशाचा एक कान उभा दिसला. त्याला पांढरी मुळं फुटली होती आणि शेंड्याला नखाएवढा नवा फडा. मी वर्तमानपत्राच्या घडीनं तो उपटला, आसपासची माती हातभर खणून पाहिली आणि त्याला घरी आणलं. नंतरच्या वर्षांत आणखी काही सापडलं नाही. तरी पूर ओसरला की मी तिकडं एक फेरी मारून येते. २०२१ च्या पुरानंतरही मारली.

नोंदवहीत त्याचीही नोंद आहे. 'कोणाकडून' या रकान्यात मी 'कृष्णामाई' असं लिहिलंय. 'कोणाला दिलं' हा रकाना अजून कोरा आहे. घेणारे बरेच आहेत, पण पेर हातात देण्याआधी त्यांना आजीची गोष्ट सांगायची, असा आता माझा नियम आहे. ऐकून घेण्याइतका वेळ ज्याच्याकडं असेल, त्याला ते मिळेल.